पाण्यात सोडलेले अंडे चिकटू नये, फुटू नये म्हणून

कवच फोडून अंडे थेट गरम पाण्यात सोडायचे आणि पांढरा भाग घट्ट झाला, पण बलक आतून पातळ आहे, अशा वेळी झाऱ्याने अलगद उचलायचे, एवढीच पोच्ड एगची कृती आहे. तिच्यात फोडणी नाही, मसाला नाही, परतणे नाही. तरीही पहिल्यांदा करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा तळाला चिकटून फुटलेला बलक आणि पाण्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या चिंध्याच येतात, आणि तो पुन्हा उकडलेल्या अंड्याकडे वळतो. जळगावातल्या आमच्या घरी गेली काही वर्षे मी ही अंडी आठवड्यातून दोन-तीनदा करतो, आणि तेवढ्या सरावावरून माझे मत ठाम झाले आहे की चिकटणे आणि पसारा या दोन्हींचा निकाल अंडे पाण्यात पडण्याआधीच लागलेला असतो. व्हिनेगर घालणे किंवा पाण्याला भोवरा देणे हे उपाय त्यानंतरचे आहेत. अंडे किती ताजे आहे आणि त्यातला पातळ पांढरा भाग गाळून काढला आहे की नाही, हे आधी पाहायला हवे.

अंडे ताजे असणे म्हणजे काय

एखादे अंडे सपाट ताटलीत फोडून नीट पाहावे. मधोमध बलक असतो, त्याच्याभोवती जेलीसारखा उंच राहणारा घट्ट पांढरा भाग असतो आणि त्याच्याही बाहेर पाण्यासारखा पातळ पांढरा भाग ताटलीभर पसरतो. पाण्यात चिंध्या होतात त्या या बाहेरच्या पातळ भागाच्या. घट्ट भाग बलकाला धरून राहतो आणि पाण्यातही आपला गोल आकार सोडत नाही.

अंडे जुने होत जाते तसा कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आतला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. ताज्या अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा सामू साधारण 7.6 ते 7.9 असतो, तो पुढे 9.2 च्या आसपास चढतो, आणि या बदलाने घट्ट पांढरा भाग हळूहळू पातळ होतो. बलकाभोवतीचा पापुद्राही सैल पडतो. हे सगळे उन्हाच्या दिवसांत फार झपाट्याने घडते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि आपल्याकडची अंडी दुकानात तीस-तीसच्या ट्रेमध्ये उघड्यावरच असतात. एका मे महिन्यात मी डझनभर अंडी आणून चार दिवस ओट्यावरच्या टोपलीत ठेवली होती. पाचव्या दिवशी त्यातली सहा अंडी एकामागून एक पाण्यात सोडली, आणि सहाही पसरली. पाणी, भांडे, आच, सगळे नेहमीचेच होते. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून त्या सकाळी आलेल्या ट्रेमधली अंडी आणली, तेव्हा त्याच पातेल्यात ती सुरेख झाली. तेव्हापासून उन्हाळ्यात अंडी घेतल्याबरोबर मी ती फ्रिजमध्ये ठेवतो आणि या कामासाठी तीन-चार दिवसांपेक्षा जुने अंडे वापरत नाही.

दुकानदाराला "आजचा ट्रे कोणता?" असे सरळ विचारावे. घरी आणल्यावर शंका असेल तर पाण्याने भरलेल्या खोलगट भांड्यात अंडे सोडून पाहावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, थोडे जुने झालेले अंडे तळाशीच राहते पण त्याचे बोथट टोक वर उचलले जाते, त्याहून जुने उभे राहते आणि तरंगणारे अंडे टाकून द्यावे. आडवे पडणारे अंडे पोच करण्यासाठी घ्यावे. तिरपे होणारे उकडायला किंवा भुर्जीला उत्तम असते. अंडी धुऊन फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, पण धुण्याने कवचावरचा नैसर्गिक लेप निघून जातो. अंडी धुवायची तर फोडण्याच्या अगदी आधी धुवावीत आणि पुसून घ्यावीत.

गाळण्याचे काम

नव्याने शिकणाऱ्याने लेखातली एकच गोष्ट करून पाहायची ठरवली तर ती ही करावी. अंडे आधी एका लहान वाटीत फोडावे. यात दोन फायदे आहेत: कवचाचा तुकडा पडला तर तो काढता येतो आणि उन्हाळ्यात एखादे अंडे नासके निघाले तर बाकीची वाचतात. मग ते वाटीतून खोलगट झाऱ्यात किंवा मोठ्या छिद्रांच्या स्टीलच्या गाळणीत हळूच उतरवावे. चहाची गाळणी येथे उपयोगाची नाही, कारण तिची जाळी इतकी बारीक असते की पातळ भागही तिच्यातून नीट उतरत नाही.

झारा खालच्या वाटीवर पंधरा-वीस सेकंद धरावा आणि किंचित गोल फिरवावा. पातळ पांढरा भाग छिद्रांतून धाग्यासारखा ओघळताना दिसतो, धार तुटते, एक-दोन थेंब लोंबकळतात आणि झाऱ्यात बलकाभोवती गोळा होऊन बसलेला घट्ट भाग तेवढा राहतो. ताज्या अंड्यातून चमचाभर पातळ भाग निघतो. तीन-चार चमचे निघाला आणि बलक जवळजवळ उघडा पडला, तर ते अंडे पाण्यात सोडू नये, त्याचे सरळ ऑम्लेट करावे. गाळून निघालेला भागही टाकायचा नाही. दोन-तीन अंड्यांचा मिळून संध्याकाळच्या भुर्जीत जातो. गाळलेले अंडे पुन्हा कोरड्या वाटीत घ्यावे, म्हणजे पाण्यात सोडायला सोपे जाते.

भांडे, पाणी आणि आच

अंडे तळाला चिकटते त्याचे कारण असे की कच्चा पांढरा भाग धातूच्या पृष्ठभागावरच्या बारीक खाचांत शिरतो आणि तिथेच शिजून घट्ट होतो. म्हणून अंडे तळाला टेकण्याआधी त्याची बाहेरची बाजू थोडीतरी शिजलेली असावी लागते. पाणी उथळ असेल तर अंडे कच्चेच तळाला जाऊन बसते; पाणी पुरेसे गरम नसेल तरी तेच होते. रुंद आणि जाड बुडाचे पातेले घेऊन त्यात आठ ते दहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडे अधिक पाणी ठेवावे. नॉनस्टिक भांडे असेल तर काम सोपे होते, पण त्याची गरज नाही. माझे पातेले साधे स्टीलचे आहे.

पाण्याला आधी पूर्ण उकळी येऊ द्यावी आणि मग आच मंद करावी. खळखळ थांबली पाहिजे, पण तळाशी बारीक बुडबुडे उठत राहिले पाहिजेत आणि मधूनच एखादा वर आला पाहिजे. थर्मामीटर असेल तर 82 ते 88 अंश सेल्सिअस हे तापमान योग्य आहे. पांढऱ्या भागातली काही प्रथिने 62 अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतात, पण त्यातले मुख्य प्रथिन 80 अंशांजवळ शिजते. बलक 65 ते 70 अंशांदरम्यान आळतो. खळखळत्या पाण्यात अंडे सोडले तर उसळ्यांनी पांढरा भाग फाटतो, आणि कोमट पाण्यात सोडले तर तो शिजण्याआधीच पसरतो. उंचीमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतो हे खरे आहे, पण तोरणमाळसारख्या हजार मीटरहून उंच ठिकाणीही आपल्याला लागते तेवढे तापमान उकळीच्या बरेच खाली असल्याने काही फरक पडत नाही.

आम्ल घातल्याने पांढरा भाग लवकर घट्ट होतो, त्यामुळे एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर घालण्याची पद्धत आहे. अंडे नीट गाळलेले असेल तर मी ते घालत नाही, कारण त्याचा आंबूस वास अंड्याला लागतो आणि वरचा पापुद्रा किंचित चामट होतो. अंडे दोन-चार दिवसांचे असेल तर मात्र घालावे. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो. मीठ पाण्यात घालू नये, ते अंडे बाहेर काढल्यावर वरून भुरभुरावे.

अंडे पाण्यात सोडताना

वाटी पाण्याच्या अगदी जवळ, जवळजवळ टेकवून धरावी आणि एका बाजूने तिरपी करून अंडे सरकू द्यावे. उंचावरून टाकलेले अंडे वेगाने तळाला जाते आणि बलक फुटतो. नवशिक्याचा हात वाफेच्या भीतीने नेमका येथेच वर उचलला जातो. वाफ लागत असेल तर वाटीऐवजी लांब दांड्याच्या पळीतून अंडे सोडावे.

अंडे पडल्याबरोबर त्याला हात लावू नये. वीस-तीस सेकंदांत काचेसारखा पारदर्शक असलेला पांढरा भाग कडेपासून आत दुधासारखा होत जातो. तेवढे झाले की पातळ कालथा अंड्याच्या खालून एकदाच सावकाश सरकवावा. तळाशी थोडे धरले असेल तर या वेळी ते सुटते; दोन मिनिटे थांबलो तर मात्र ते सुटत नाही, फाटते. या एका हालचालीने चिकटण्याची निम्मी तक्रार मिटते, आणि तरीही ती करायला बहुतेक जण विसरतात.

पाण्याला चमच्याने भोवरा देऊन त्याच्या मध्यात अंडे सोडण्याचा प्रकार अनेकांनी पाहिलेला असतो. एकच अंडे करायचे असेल तर त्याने आकार बरा येतो, पण दुसरे अंडे सोडताना भोवरा पहिल्याला फाडतो. घरात चार माणसे जेवायची असतील तर ती पद्धत कुचकामी ठरते. मी शांत पाण्यात, घड्याळाच्या काट्यांच्या क्रमाने पातेल्याच्या कडेने एकेक अंडे सोडतो आणि त्याच क्रमाने उचलतो, म्हणजे कोणते आधी पडले याचा घोळ होत नाही. एका वेळी चारपेक्षा जास्त अंडी सोडू नयेत, कारण त्यांनी पाणी गार पडते.

पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या नेहमीच्या अंड्याला तीन मिनिटांत वाहता बलक मिळतो, चार मिनिटांत मधाइतका दाट होतो आणि पाच-सहा मिनिटांत आळतो. फ्रिजमधून नुकतेच काढलेले अंडे असेल तर अर्धे मिनिट वाढवावे. गावरान कोंबडीचे अंडे लहान असते, त्याला अर्धे मिनिट कमी पुरते. झाऱ्याने उचलून बोटाने अगदी हलके दाबले की आतले कळते. मग झारा घडी घातलेल्या सुती कापडावर क्षणभर टेकवावा, नाहीतर झाऱ्यातले पाणी ताटात उतरून भाकरी ओली करते.

वाटीतले अंडे

ज्यांना पाण्यात चिंधीही नको आणि ज्यांचा हात अजून स्थिर नाही, त्यांनी या पद्धतीने सुरुवात करावी. काटेकोरपणे पाहिले तर हे वाफवलेले अंडे आहे, पण बलक तसाच पातळ राहतो आणि भांड्यातले पाणी शेवटपर्यंत स्वच्छ असते. ज्या घरात कोणी माळकरी आहे आणि अंड्यांची भांडी वेगळी ठेवावी लागतात, तिथेही ही पद्धत सोयीची पडते, कारण अंड्याचा स्पर्श फक्त वाटीला आणि चमच्याला होतो.

स्टीलच्या लहान वाटीत अर्धा चमचा तेल किंवा तूप घालून ते बोटाने तळाला आणि काठापर्यंत सगळीकडे लावावे. नुसते तळाला लावून भागत नाही. अंडे कडेलाच जास्त धरते. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळून त्यात ही वाटी रिकामीच मिनिटभर ठेवावी. गरम, तेल लावलेल्या धातूवर पांढरा भाग टेकताक्षणीच आळतो आणि खाचांत शिरत नाही. मग वाटीत अंडे सोडावे आणि झाकणाला खालून कापड बांधून ते ठेवावे. ढोकळ्याला बांधतो तसेच हे कापड असते. त्याने वाफेचे थेंब अंड्यावर पडत नाहीत. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे पुरतात. वाटी सांडशीने काढून एक मिनिट बाजूला ठेवावी, कारण थोडे निवल्यावर अंडे कडेपासून आपोआप आक्रसते. चमच्याची कड भोवताली फिरवून वाटी ताटात उपडी केली की अंडे अखंड निघते.

इडलीपात्रातही हेच करता येते. मात्र साच्यांना छिद्रे नसावीत आणि अंडी लहान असावीत. गावरान अंडी इडलीच्या खळग्यात बरोबर बसतात, मोठी अंडी काठावरून सांडतात. मायक्रोवेव्हमध्ये बलक फुटून सगळीकडे उडण्याची शक्यता असते, त्यामुळे तो मार्ग मी सुचवत नाही. प्लॅस्टिकच्या पातळ कागदात अंडे बांधून पाण्यात सोडण्याची युक्तीही दाखवली जाते, पण गरम पाण्यात प्लॅस्टिक घालायची काही आवश्यकता नाही.

रश्श्यात सोडलेले अंडे

पोच्ड एग परके वाटते, पण कच्चे अंडे फोडून रश्श्यात सोडण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे, आणि तंत्र तेच आहे. विस्तवावर भाजलेला कांदा आणि सुके खोबरे, लसूण, आले आणि काळा मसाला यांचे वाटण तेल सुटेपर्यंत परतून खानदेशी रस्सा करतो, तो येथे नेहमीपेक्षा थोडा पातळ ठेवावा. दाट रश्श्यात वाटण तळाशी बसते, अंडे त्याच्यावर जाऊन टेकते आणि मसाल्यासकट करपते. म्हणून अंडी सोडण्याआधी तळापासून एकदा नीट ढवळून घ्यावे, आच मंद करावी आणि उकळ्या पूर्ण बसू द्याव्यात. पळीच्या पाठीने रश्श्यात हलकासा खळगा करून तिथे वाटीतले अंडे सोडावे. ढवळायचे नाही, उलटायचेही नाही. वर दिसणाऱ्या बलकावर पळीने तर्री सोडत राहावे आणि झाकण ठेवून पाच मिनिटे शिजू द्यावे. भांडे पसरट हवे, म्हणजे अंडी एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाढताना पळी प्रत्येकाखाली जाते. आणखी दाट रस्सा हवा असेल तर अंडी आधी काढून घ्यावीत आणि मग आटवावा.

रश्श्यासोबत कळण्याची भाकरी असावी. साध्या पाण्यातल्या अंड्याला माझ्या मते वांग्याच्या भरिताइतकी चांगली जोड दुसरी नाही. थंडीत जळगावकडची हिरवी, मोठी भरताची वांगी येतात, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. काड्यांवर भाजून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून केलेले गरम भरीत ताटात पसरावे, त्यात चमच्याने खळगा करून अंडे ठेवावे आणि जेवायला बसल्यावरच ते फोडावे. बलक भरितात उतरतो आणि मिरचीचा तिखटपणा मऊ करतो.

पातळ बलक कोणी खाऊ नये

पातळ बलकाचे अंडे सर्वांना चालत नाही. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि आजारातून उठलेली माणसे यांना साल्मोनेला जंतूंचा त्रास जास्त होतो. त्यांच्यासाठी पांढरा भाग आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवावे, आतले तापमान 71 अंशांवर गेले पाहिजे. आपल्या भागाला आणखी एक कारण आहे. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींत झाली आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आढळला. अशी साथ जाहीर असेल त्या काळात अंडी पूर्ण शिजवूनच खावीत. नीट शिजवलेल्या अंड्यात तो विषाणू टिकत नाही.

आधी करून ठेवणे आणि भांडी

पाहुणे येणार असतील तर अंडी सकाळीच करून ठेवता येतात. पांढरा भाग घट्ट झाला की ती तीन मिनिटांतच उचलून बर्फाच्या पाण्यात टाकावीत, म्हणजे आतले शिजणे तिथेच थांबते. पाण्यासकट डबा फ्रिजमध्ये ठेवला तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहतात. वाढताना गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात मिनिटभर ठेवावीत. डब्यातून काढताना अंडी एकमेकांवर रचू नयेत, खालचे हमखास फुटते.

पातेल्याला किंवा वाटीला काही लागलेच असेल तर त्यावर गरम पाणी ओतू नये, त्याने राहिलेला कच्चा भागही शिजून पक्का चिकटतो. आधी गार पाणी भरून दहा मिनिटे ठेवावे आणि मग घासावे. ज्या झाऱ्यातून अंडे गाळले तो तर लगेचच नळाखाली धरावा, कारण छिद्रांतला पांढरा भाग वाळला की तो काडीने टोकरून काढावा लागतो. वास राहिला तर पिळलेल्या लिंबाची साल आतून फिरवून, धुऊन, भांडे उन्हात पालथे घालावे.